समानार्थी शब्दांतून सिनेमा ओळखा : आमच्या घरातला खेळ, आणि आईचं एक न सुटलेलं कोडं

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

झालं असं की गेल्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दर दोन-तीन तासांनी डोळ्यात थेंब, काळा चष्मा, आणि आम्ही मुलांनीच तिचा टीव्ही, मोबाइल, पेपर सगळं काही दिवस बंद करून टाकलं. आता आई म्हणजे सकाळी पेपर आल्याशिवाय जिच्या चहाला चव येत नाही अशी बाई, तिसऱ्या दिवशी कावली, म्हणाली कान तर चालू आहेत ना माझे, चला, गच्चीवरचा खेळ खेळू.

गच्चीवरचा म्हणजे आम्ही जुन्या नाशकात वाड्यात राहायचो तेव्हाचा. उन्हाळ्यात सगळ्या बिऱ्हाडांच्या गाद्या गच्चीवर, लाइट गेले की भेंड्या, आणि भेंड्यांचा कंटाळा आला की हा. एकाने मनात सिनेमाचं नाव धरायचं, त्यातला प्रत्येक शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा शब्द बसवायचा आणि ते मोठ्याने म्हणायचं, बाकीच्यांनी मूळ नाव सांगायचं. "सूरदास करतो नेत्रपल्लवी" म्हणजे आंधळा मारतो डोळा. "भेलीचा गजानन" म्हणजे गुळाचा गणपती, १९५३ चा, ज्यात कथा, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका सगळं पुलंचंच होतं. हे भेलीचं कोडं आईने टाकलं तेव्हा माझा आठवीतला मुलगा म्हणाला आजी, भेळीचा गणपती कसा असेल? गुळाची भेली त्याने पाहिलेलीच नाही, आमच्याकडे गूळ डब्यातून पावडरीचा येतो. तिथेच मला वाटलं की हा खेळ इथे सगळ्यांबरोबर खेळायचा.

आमचे नियम साधे आहेत. शब्दाला शब्द, क्रम शक्यतो तोच. सिनेमाची गोष्ट सांगायची नाही, फक्त नाव बदलायचं. माणसाचं किंवा गावाचं नाव असेल तर तसंच ठेवलं तरी चालेल. हिंदी असेल तर हिंदी म्हणून सांगायचं पण कोडं मराठीतच घालायचं. आणि कृपा करून मोबाइलला विचारून उत्तर देऊ नका, स्वतःच्या डोक्यातून येऊ द्या, त्यातच सगळी मजा आहे.

घ्या तर मग. "आईबापाघरचं लुगडं". "निरुद्योगी भ्रतार". "एक खेडं, डझनभर लफडी". "निशिगंध" (हिंदी). "खाल्ल्या मिठाला न जागणारा" (हिंदी). आणि शेवटचं आईचं, जे घरात अजून कोणालाच सुटलेलं नाही आणि ती सांगायला तयार नाही: "पिंजर". एकच शब्द, मराठी, कृष्णधवल.

पासहोल्डर
मस्त धागा ताई!! माहेरची साडी, बिनकामाचा नवरा, एक गाव बारा भानगडी. रजनीगंधा. आणि शेवटून दुसरं नमक हराम. हे वाक्प्रचाराचं कोडं फार आवडलं, कारण "मीठ" आणि "हराम" सुटे सुटे बदलत बसलो असतो तर काहीच हाताला लागलं नसतं, आपल्याकडे ती अख्खी गोष्ट "खाल्ल्या मिठाला जागणं" अशीच बोलतात. म्हणजे "न" काढला की नमक हलाल, दोन्हीत अमिताभ, एक १९७३ चा आणि एक १९८२ चा.

पिंजर म्हणजे पिंजरा ना? शांतारामबापूंचा?

गोदाकाठची
पाचही बरोबर! पिंजरा नाही. एक तर तो रंगीत आहे, १९७२ चा, आणि दुसरं म्हणजे पिंजर आणि पिंजरा एका अर्थाचे नाहीतच असं आई म्हणते.

शब्दवेडा
चांगला विषय. एक सुचवतो, "आईबापाघरचं" हे जरा लांबण लागतं, "पितृगृहीचं वस्त्र" असं केलं असतं तर नेमकं झालं असतं, आणि अवघडही.

गोदाकाठची
शब्दवेडा, अवघड झालं असतं हे खरं, पण मला ते पटत नाही आणि का पटत नाही ते सांगते. पितृगृह म्हणजे वडिलांचं घर, माझ्या भावाचंही ते पितृगृहच. पण त्याला माहेर नाही. माहेर फक्त लग्न होऊन गेलेल्या बाईला असतं, आणि ते घर पाडून बिल्डिंग झाली तरी असतं, आईवडील गेले तरी भाऊ-भावजयीच्या रूपाने असतं. पितृगृहात यातलं काही येत नाही. लुगडंसुद्धा मी फार विचार करून घेतलं, कारण लुगडं नऊवारी आणि सिनेमातली साडी, म्हणजे तेही अगदी बरोबर नाहीच, पण निदान आईने नेसलेलं आहे, हातात धरता येतं. वस्त्र देवाला वाहतात.

संस्कृत शब्दकोश उघडून घातलेलं कोडं सुटलं तरी सुटल्यासारखं वाटत नाही. घरात, शेतात, बाजारात कोणीतरी खरंच बोलतं असा शब्द सापडला पाहिजे, तो सापडण्यातच खरी कसरत आहे.

शब्दवेडा
पण मग "भ्रतार" कोण बोलतं आज? आणि "सूरदास करतो नेत्रपल्लवी" तुम्हीच दिलंत. नेत्रपल्लवी म्हणजे डोळ्यांच्या खुणांची भाषा, हा शब्द ज्याला ठाऊक नाही त्याला तो आज या कोड्यातून कळला, यात वाईट काय? जुने शब्द वापरायला ही एक जागा तरी राहू द्या. माझी बाजू अशी की संस्कृत असो की बोलीतला, शब्द जिवंत राहतो तो वापरल्याने. हे घ्या, "दोन नेत्र, डझनभर कर". हिंदी.

चाफेकळी
दो आँखें बारह हाथ! १९५७. त्यातल्या खुल्या तुरुंगाची कल्पना आपल्या औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरवरून आलेली आहे.

आणि भ्रतार ओव्यांत आहे की शब्दवेडा, माझी आजी जात्यावर म्हणायची, म्हणजे तो शब्द गोदाकाठचीच्याच बाजूचा झाला.

मळेवाला
राम राम. निफाडकडचा आहे, आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट रात्रीच येते, त्यामुळे मोटार चालू करून बांधावर बसून हा धागा वाचतोय. माझं कोडं, हिंदी, एक शब्द: "आमचं पीक".

पासहोल्डर
प्याज? असा पिक्चर आहे का? निफाड म्हणजे लासलगाव शेजारीच.

चाफेकळी
अंगूर!!! गुलजारचा, १९८२ चा. संजीवकुमार आणि देवेन वर्मा दोघांचे डबल रोल, शेक्सपिअरच्या कॉमेडी ऑफ एरर्सवरून केलेला. मळेवाले दादा, तुमचं कोडं खरं तर नियमात बसत नाही, समानार्थी शब्द नाही हा, वर्णन आहे, पण नाशिकच्या माणसाला "आमचं पीक" म्हटल्यावर द्राक्षच आठवणार त्यामुळे मला ते मान्य आहे.

मळेवाला
बरोबर ताई. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, वर्ष त्यातच जातं, तर दुसरं काय सुचणार.

आता नियमात बसणारं देतो. "गावाला सोडलेला पोळ". मराठी, उत्तर एकच शब्द. सोपं आहे म्हणून उत्तर पण सांगून टाकतो, वळू, २००८ चा. पण मला सांगायचंय ते वेगळंच. हे घालताना मी अर्धा तास अडलो, कारण शहरातली माणसं वळू, पोळ, सांड, गोऱ्हा, बैल सगळं एकच समजतात. गोऱ्हा म्हणजे तरणा, अजून औताला न जुंपलेला. बैल म्हणजे खच्ची केलेला, कामाचा. वळू म्हणजे गाई फळवायला ठेवलेला. आणि पोळ म्हणजे देवाच्या नावाने सोडलेला, त्याला कोणी मारत नाही, कोणाच्याही रानात शिरला तरी हुसकावून द्यायचं फक्त. सिनेमातला जो आहे तो गावाला सोडलेला आहे म्हणजे खरं तर पोळच म्हणायला पाहिजे. म्हणून पोळ घेतलं.

गोदाकाठची
मळेवाले दादा, तुमची पोस्ट आईला दोनदा वाचून दाखवली. तिचं म्हणणं विहिरीचंही तसंच. विहीर नावाचा सिनेमा आहे ना, त्याला आमच्या भाच्याने "आड" असं कोडं घातलं तर आईने बाद केलं. आड म्हणजे घराच्या परसात अरुंद, वरून वाकून पोहऱ्याने पाणी शेंदायचं. बारव म्हणजे पायऱ्या उतरून खाली जायचं. विहीर मळ्यातली, मोट चालायची ती. ती म्हणाली आडात कोणी पोहायला उडी मारेल का? तर मग तो समानार्थी कसा.

पासहोल्डर
आमच्या डब्यातला किस्सा. मी रोज पंचवटीने मुंबईला जातो, ताईंचा धागा वाचून परवा आम्ही आठ-दहा जणांनी हा खेळ गाडीत सुरू केला. मी कोडं घातलं "निखारे", हिंदी. पटकन उत्तर आलं शोले. तर आमच्यातले एक निवृत्तीला आलेले काका म्हणाले चूक, बाद. शोला म्हणजे ज्वाळा, निखाऱ्याला हिंदीत अंगारा म्हणतात, त्या नावाचे पिक्चर वेगळे आहेत. मग दोन गट पडले. इगतपुरीला सुरू झालेलं भांडण घाट उतरून गेलो तरी चालूच, शेवटी शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाई म्हणाल्या मी सांगते, आणि त्यांनी काकांच्या बाजूने निकाल दिला. आता इथे विचारतो, १९७५ पासून आख्खा महाराष्ट्र शोलेचा अर्थ निखारेच समजत आलाय, तर ते चूक कसं?

शब्दवेडा
काका बरोबर आहेत. शोला म्हणजे ज्वाळा, आगीचा लोळ. धगधगती माणसं, धगधगता सूड असं त्यात आहे.

गोदाकाठची
मीही काकांच्या बाजूने, आणि मला त्यासाठी शब्दकोश लागत नाही, चूल पुरते. जाळ म्हणजे चुलीत वर येतो तो, त्यावर दूध उतू जातं. जाळ बसला की खाली राहतो तो निखारा, भाकरी तव्यावरून काढून त्याच्या पुढ्यात उभी केली की टम्म फुगते, वांगं भाजायचं तेही त्यावरच. निखाऱ्यावर राख धरली की झाला फुफाटा, त्यात रताळी पुरायची. आणि शेजारणीकडून खापरीत मागून आणायचा तो विस्तव. चार शब्द, चारही आगच, पण एकाच्या जागी दुसरा ठेवला तर भाकरी करपेल नाहीतर कच्ची राहील. गब्बर आणि ठाकूर हे निखारे नाहीत हो, तो जाळ आहे.

पण दादा, तुमचं कोडं सुटलं ना? ऐकणाऱ्याने शोले म्हटलं म्हणजे मनात तेच होतं. म्हणून मी म्हणेन कोड्याला पूर्ण गुण, शब्दाला अर्धे.

सटाणेकर
शोलेचा विषय निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्याची आठवण ठेवा, मालेगावच्या पोरांनी मालेगाव के शोले काढला, पॉवरलूमच्या गावात, घरचे कपडे, गावातलेच नट. नुसतं एक गावाचं नाव पुढे लावलं आणि आख्खा सिनेमा आपला करून घेतला, समानार्थीच्या खेळातली ही पण एक चाल म्हणा.

माझं कोडं अहिराणीत आहे, चालेल का? "श्यामनी माय".

चाफेकळी
आई गं. श्यामची आई. हे कोडं नाहीच, पण काय गोड वाटलं वाचायला.

सटाणेकर
कोडं नाही ते, मला ते फक्त लिहून बघायचं होतं. आमच्याकडे मुलाला आंडोर, मुलीला आंडेर आणि आईला माय. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते म्हणजे त्यांच्या वर्गातली पोरं घरी हेच बोलत असणार. आणि पुस्तक त्यांनी लिहिलं ते १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात. पुढे अत्र्यांनी १९५३ ला सिनेमा काढला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट तोच. गोदाकाठची ताई, तुमच्या आईला विचारा, "श्यामची जननी" म्हटलं तर चालेल का?

गोदाकाठची
विचारलं. म्हणाली जननी फक्त जन्म देते, आई पोहायला शिकवते. विषय संपला.

पासहोल्डर
आता सगळी नाशिकचीच घालू का थोडी? "सुवर्णनगरीचं ज्वलन". मूकपट, दोन शब्द. आणि "अभिनेत्यांचा चक्रवर्ती".

शब्दवेडा
पहिलं लंका दहन, दादासाहेब फाळके, १९१७. त्यात साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या होत्या. आणि हे कोडं नाशकात घालायला फारच शोभतं, शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून गावाचं नाव नासिक असं सांगतात, आणि तिथूनच तर गोष्ट लंकेपर्यंत पोचते. फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ ला नाशकातच गेले, पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे त्यांचं, पण तिथे जाणारी किती मुलं त्यांच्या सिनेमांची दोन नावं तरी सांगतील.

दुसरं अर्थात नटसम्राट. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, सिनेमा २०१६ चा. तात्यासाहेब स्वतः तरुणपणी सिनेमात होते, गोदावरी सिनेटोनच्या सती सुलोचनाची पटकथा त्यांची आणि त्यात लक्ष्मणही तेच झाले होते. म्हणजे हे दुसरं कोडंही फिरून लंकेलाच गेलं.

माझं घ्या मग, "साकेतचा भूप".

चाफेकळी
राजा हरिश्चंद्र?

शब्दवेडा
गोष्ट तीच, सिनेमा दुसरा. शब्दाला शब्द लावून बघा. साकेत म्हणजे अयोध्या.

चाफेकळी
अयोध्येचा राजा! १९३२, प्रभात, दुर्गाबाई खोटे. हो हो, मी गोष्टीवर गेले आणि शब्द सोडले.

मी शाळेत हिंदी शिकवते, त्यामुळे माझ्याकडे एक निराळाच साठा आहे. हिंदी आणि मराठीत दिसायला एकच शब्द पण अर्थ वेगळे, अशी नावं. "कुस्त्यांचा फड", हिंदी. वर्गात हे घातलं तर एकालाही आलं नाही, कारण उत्तर दंगल आणि मुलांच्या डोक्यात दंगल म्हणजे दगडफेक, संचारबंदी. हिंदीत कुस्तीच्या मैदानालाही दंगल म्हणतात. तसंच "अहंकार", १९७३ चा. अभिमान. आपण मराठीत अभिमान चांगल्या अर्थाने वापरतो, मुलाचा अभिमान वाटतो म्हणतो, पण त्या सिनेमातला नवऱ्याचा अभिमान तसा नाहीच, बायको आपल्यापेक्षा चांगली गाते हे न सोसणं आहे ते. मी तो सिनेमा लहानपणी पाहिला तेव्हा नावाचा अर्थच उलटा घेतला होता, मला वाटायचं शेवटी त्याला तिचा अभिमान वाटतो म्हणून ते नाव.

अजून एक, "सारा". हिंदी, उत्तर एकच शब्द.

पासहोल्डर
सारा आकाश, बासू चटर्जी, १९६९.

चाफेकळी
उत्तर एक शब्द म्हटलंय दादा.

मळेवाला
लगान. शेतसारा. आमच्या आजोबांच्या पेटीत साऱ्याच्या पावत्या होत्या, तलाठ्याच्या सहीच्या. शेतकऱ्याला "सारा" म्हटलं की हाच सारा आठवतो, सगळं या अर्थाचा नाही.

पासहोल्डर
वा! मला आयुष्यात सुचलं नसतं.

"वाटाड्या", हिंदी. देव आनंद.

गोदाकाठची
गाईड, १९६५. हे माझ्या मुलाने सांगितलं, माझ्याआधी. त्याला वाटाड्या शब्द कसा माहीत म्हणून विचारलं तर म्हणे हरिहरला ट्रेकला गेलो होतो तेव्हा त्या पाड्यावरचे काका स्वतःला तसंच म्हणत होते. मला फार बरं वाटलं. शाळेत जो शब्द मिळाला नाही तो डोंगरात मिळाला.

काल रात्रीचं लिहू की नको असं चाललं होतं, लिहिते. खेळताना आईने कोडं घातलं, "कावळा शिवणं". मुलगा गप्प, मी गप्प. मला उत्तर माहीत होतं, काकस्पर्श, २०१२ चा, पण आम्हाला वडिलांना जाऊन आता दोन वर्षं होतील आणि रामकुंडावर दहाव्याला पिंड ठेवून आम्ही पाऊण तास उभे होतो, कावळे समोर झाडावर, एक खाली येईना. शेवटी आईने हात जोडून मनातल्या मनात काहीतरी कबूल केलं आणि शिवला. काय कबूल केलं ते तिने कधी सांगितलं नाही. काल मुलाने विचारलं की आजी, म्हणजे काय, तेव्हा तिने त्याला सगळं नीट सांगितलं, अगदी शांतपणे, आणि पुढे हेही सांगितलं की पूर्वी बायका महिन्याच्या चार दिवसांनाही "कावळा शिवला" असंच म्हणायच्या, बाहेर बसायच्या. आठवीतल्या मुलाला आजीकडून हे कळलं, मी इतकी वर्षं कसं सांगू म्हणून अडले होते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ, आणि काकस्पर्श असं संस्कृत करून ठेवलं की पहिला तेवढा राहतो, दुसरा कोणाला ऐकूच येत नाही.

शब्दवेडा
ताई, तुमचं सुरुवातीचं म्हणणं आज मला कळलं. माझं पितृगृह मी मागे घेतो.

सटाणेकर
पिंजरचं काय झालं पण? कापूस पिंजतात त्यातलं का? पिंजारी?

पासहोल्डर
पिंजर नावाचाच हिंदी सिनेमा आहे, २००३, अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवर. तिथे अर्थ सांगाडा असा आहे. म्हणून मी सांगाडा, कंकाल, हाडं सगळं फिरवून पाहिलं, जुना मराठी काही आठवेना.

गोदाकाठची
नाही, नाही, आणि नाही. आई म्हणते ती एक खूण देईल. पूर्वी ते प्रत्येक बाईच्या ऐन्याच्या पेटीत असायचं.

माहेरकोकण
मी इथे फक्त वाचक, सासर नाशिकरोडचं, माहेर चिपळूणजवळ. पण आता राहवत नाही. ऐन्याच्या पेटीत म्हटल्यावर माझ्या आजीची पेटी डोळ्यासमोर आली. आत फणी, एक छोटी मेणाची डबी आणि लाकडी करंडा. आधी कपाळावर बोटाने मेणाचा ठिपका गोल बसवायची आणि त्यावर करंड्यातली पिंजर चिमटीने. पिंजर म्हणजे कोरडं कुंकू! आमच्याकडे अजून म्हणतात, देवीला हळद-पिंजर वाहिली म्हणतात.

तर उत्तर कुंकू. प्रभातचा, शांताराम, १९३७.

गोदाकाठची
बरोबर!!! आईला वाचून दाखवलं तर टाळ्या वाजवल्या तिने. बारा दिवस कोणालाही सुटलं नव्हतं. तिची आई मूळची संगमेश्वरची, तिच्याकडून आलेला शब्द, नाशकात कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम ठेवला होता म्हणे.

शब्दवेडा
हे उत्तर ऐकून एक गोष्ट जुळली ती सांगतो. प्रभातवाले तेव्हा एकच सिनेमा मराठी आणि हिंदी दोन्हीत काढायचे, म्हणजे नावं बदलायचा हा खेळ ते प्रत्यक्षच खेळत होते. माणूसचं आदमी केलं, १९३९. शेजारीचं पडोसी, १९४१. सरळ शब्दाला शब्द. पण कुंकूचं हिंदी नाव काय? दुनिया न माने. तिथे सिंदूर नाही लावलं त्यांनी. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीची गोष्ट, ना. ह. आपट्यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून, म्हणजे हिंदी नाव कादंबरीच्या नावाकडे झुकलं आणि मराठी नाव तिच्या कपाळावर राहिलं. मला वाटतं त्यांनाही पिंजर मिळाली नाही.

चाफेकळी
सिंदूर भांगात, कुंकू कपाळावर. जागासुद्धा वेगळी आहे. आणि उंबरठ्याचंही तसंच ना, जब्बार पटेलांचा १९८२ चा, हिंदीत त्याचं नाव सुबह झालं. दहलीज नाही झालं.

मळेवाला
जैत रे जैतचं कोणी करून दाखवा बरं. "जिंकलो रे जिंकलो" म्हटलं तर क्रिकेट वाटतं.

माहेरकोकण
माझं आता मेण कुठे मिळेल ते शोधणं सुरू झालंय, आजीची पेटी मामाकडे आहे, मे महिन्यात गेले की आणणार.

गोदाकाठची
जरूर आणा आणि त्याबद्दल इथे लिहा. आमच्याकडे आईने आत्ता काळा चष्मा घालूनच कपाट उघडायला लावलं, तिच्या आईचा करंडा निघाला, पितळी, आत तळाशी थोडीशी पिंजर आहे अजून, रंग काळपट झालाय. मुलाने बोट बुडवून पाहिलं.

सोडवणाऱ्याला पुढचं कोडं घालायचा मान असतो, पण माहेरकोकण म्हणतायत की आईनेच घालावं. तर घ्या, आईकडून: "विश्वाच्या पृष्ठावर". मराठी, दोन शब्द, कृष्णधवल.